केळीच्या चिकाचे अंगठे

केळीचा चीक आधी दिसत नाही. हाताला लागतो तेव्हा पाण्यासारखा असतो, जरासा चिकट, आणि माणसाला वाटतं, पुसला की गेला. कपड्यावर पडला तर हळूहळू पिवळट होतो, मग तांबूस, आणि साबण लावून धुतला की पक्का काळपट तपकिरी. आमच्या बऱ्हाणपुरात हे लहान पोरालाही ठाऊक असतं. तरी दरवर्षी आषाढ-श्रावणात केळीची कापणी जोरात आली की प्रत्येक घरातला एखादा चांगला कपडा कामातून जातोच, आणि शिव्या मात्र केळीला बसतात.

यंदा तो मान माझ्या भाचीच्या पांढऱ्या कुर्त्याला मिळाला. रेवा इंदूरला नोकरी करते, चार दिवसांसाठी आली होती. मी केळफूल निवडत बसले होते. मला मदत करावी म्हणून ती शेजारी बसली आणि पाच मिनिटांत कुर्त्यावर डाग पाडून घेतला. "मौशी, ये निकलेगा ना?" मी म्हटलं, नाही निघणार. मग तिची नजर माझ्या बोटांकडे गेली. "तू हाताला तेल का नाही लावत? सगळे लावतात ना. देख, कसे काळे झालेत." उत्तर लांबलचक होतं आणि तिच्या हातात फोन होता.

पण ती गेल्यापासून ते उत्तर माझ्या डोक्यात घोळतंय. सकाळी राजपुऱ्यातून बाहेर पडलं की इच्छापूरच्या रस्त्याने केळीचे ट्रक येताना दिसतात, वर हिरव्या पानांचं आच्छादन, आणि मागे तो तुरट, ओला वास. त्या वासाबरोबर मला नेहमी एकच मोसम आठवतो. तसे केळीचे मोसम मी साठच्या वर पाहिले. लक्षात राहिला तो एकच.

मला पोलिओ झाला तेव्हा मी दीड वर्षाची होते, म्हणजे ताठ चालल्याचं मला आठवत नाही. डाव्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट आणि काखेत कुबडी, ही माझी चाल. पण बूट पुष्कळ उशिरा आला. त्याआधी मी आईच्या कडेवर होते. इतवाऱ्यातल्या शाळेत आई मला रोज कडेवर घेऊन जाई आणि घेऊन येई, मी नऊ वर्षांची होईपर्यंत. वाटेत लोक म्हणत, एवढी मोठी घोडी कडेवर कशाला? आई म्हणे, घोडी असती तर पळाली नसती का. मला तेव्हा त्याचं हसू यायचं आणि लाजही वाटायची. माझे पाय तिच्या गुडघ्यांपर्यंत लोंबकळत असत.

शाळेच्या दाराशी मला उतरवताना आई रोज एकच सांगे, "बाईचे उपकार इसरू नको." बाईंनी मला वर्गात घेतलं, हा उपकार. मुलींनी मला पाटी उचलून दिली, हा उपकार. शिपायाने मला पावसात छत्री धरली, हाही उपकार. मी इतके आभार मानले की पहिलीतच मला त्या शब्दाचा वीट आला. पुढे माझ्या स्वभावात जो तिरकेपणा आला, तो मला वाटतं तिथूनच आला. कोणी मला हात द्यायला पुढे आलं की मी आधी त्याच्या तोंडाकडे बघते, हा पुण्य कमवायला आलाय की मदत करायला. आई या सवयीवर फार चिडायची.

मी शिक्षिका झाले आणि मला इच्छापूरच्या रस्त्यावरच्या एका खेड्यातली शाळा मिळाली. त्या वर्षांत सरकारी कागदांवर 'समेकित शिक्षा' हा शब्द सारखा यायचा. अर्थ असा की आमच्यासारख्या पोरांना वेगळीकडे न धाडता चारचौघांच्या शाळेत, चारचौघांच्या बाकावर बसवायचं. शब्द चांगला होता. फलकावर मी तो स्वतः सुवाच्य अक्षरात लिहिला होता. पण फलक ज्या भिंतीवर होता, त्याच भिंतीला लागून माडीवर जाणारा जिना होता, आणि त्याला बावीस पायऱ्या होत्या. पाचवीपर्यंतचे वर्ग खाली, सहावीपासून पुढचे वर.

दुर्गा त्या वर्षी पाचवी पास झाली. कमरेखाली तिच्या पायांत जोर नव्हता. डोकं मात्र असं चालायचं की फळ्यावर माझी बेरीज चुकली तर संपूर्ण वर्गाआधी तिचा हात वर. तिची आई सिंधूबाई केळीच्या कापणीच्या टोळीत कामाला जायची. पुरुष घड कापत आणि बाया ते डोक्यावरून बांधापर्यंत आणत. जुलैत शाळा उघडली तशी सिंधूबाई सकाळी कामाला जाण्याआधी दुर्गाला बावीस पायऱ्या चढवून वर बसवू लागली, दुपारी शेतातून पळत येऊन खाली आणू लागली, पुन्हा वर नेऊ लागली. मला कुबडी, मी काय उचलणार? मी नुसती कठडा धरून खाली उभी राहायची आणि पायऱ्या मोजायची.

हेडमास्तर साहेब वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर सोपं झालं असतं. ते म्हणाले, मॅडम, आतापर्यंत सांभाळून घेतलंच ना. दिवाळीपर्यंत बघू, मग तिला इंदूरकडच्या एखाद्या वसतिगृहात टाका, तिथे अशा मुलांची सोय असते. सिंधूबाईला मी हे सांगितलं. तिने दुर्गाला उचललं आणि घरी गेली. दुर्गा तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती. मी तिला दिवाळीपर्यंतचं वचन तरी कशाच्या जोरावर द्यायचं?

त्याच दिवसांत भोपाळच्या एका पालक-संघटनेचं पत्र आलं. जगातल्या पुष्कळ देशांनी मिळून अपंगांच्या हक्कांचा एक करार लिहिला होता. शाळा, दवाखाना, रस्ता, कचेरी, जिथे सगळे जातात तिथे आम्हालाही जाता आलं पाहिजे, आणि ती कोणाची मेहरबानी नसेल, असं त्यात होतं. आपल्या देशाने त्यावर सही केली होती. पण सही म्हणजे सगळं नव्हे, त्याला पक्की मंजुरी द्यावी लागते, तेव्हा देश बांधला जातो. ती बाकी होती. अपंग मुलांचे आईबाप गावोगावच्या सह्या गोळा करून दिल्लीला पाठवणार होते, मंजुरी द्या म्हणून. गणपती बसायच्या आत आपल्या भागातल्या सह्या भोपाळला पोचवा, असा निरोप होता.

मी हे सिंधूबाईला समजावायला बसले आणि स्वतःच अडखळले. सही आणि मंजुरी, यातला फरक कसा सांगायचा? तिनेच सोडवलं. "म्हंजे सुपारी फुटली, पन अक्षता पडल्या नही. असंच ना, ताई?" मी म्हटलं, अगदी असंच. "मंग पोरीचं लगन लावून टाका म्हना. सुपारी फोडून बसवून ठेवलेली पोर कुठं जाईल?" मी त्यानंतर जिथे गेले तिथे हेच सांगितलं. एवढी वर्षं शिकवलं, पण इतकं सोपं मला कधी सुचलं नव्हतं.

कागदाचे गठ्ठे कोण बघतो, असं मला वाटलं. बऱ्हाणपूरची सही बऱ्हाणपुरासारखी दिसली पाहिजे. आमच्या गल्लीच्या पलीकडे हनीफचाचांचे चार यंत्रमाग होते. मागांच्या खडखडाटात मी ओरडून माझं काम सांगितलं. त्यांनी माग थांबवला, पूर्ण ऐकलं आणि अकरा मीटर कोरा मांजरपाट फाडून माझ्या हातात दिला. मी पर्स उघडली तर म्हणाले, "रहने दो बेटी. पहली दस्तखत तो हमारा कपड़ा ही है." त्यांनी माझ्याकडे दयेने बघितलं नाही, हे मी तेव्हाच टिपून ठेवलं होतं. ते दुसरा तागा बघायला लागले होते.

मग सह्या. बॉलपेन मांजरपाटात अडकायचं, म्हणून मुलांचे स्केचपेन घेतले, लाल, हिरवे, निळे. हेडमास्तर साहेबांनी पहिली सही केली, वळणदार, खाली दोन रेघा मारून. इतवाऱ्यातल्या दुकानदारांनी केल्या. एकाने विचारलं, ताई, या सहीने माझं दुकान तर जात नाही ना? वकिलांनी केल्या, कचेरीतल्या बाबूंनी केल्या, पोरांनी तर सहीबरोबर फुलं आणि पतंगही काढले. नऊ मीटर रंगीबेरंगी झालं. मी रोज संध्याकाळी ते अंगणात पसरून बघायची आणि मला माझाच अभिमान वाटायचा.

उरलेले दोन मीटर सिंधूबाईच्या टोळीसाठी होते. तिनेच हट्ट धरला होता की ताई, आमच्याकडे पन या. श्रावणातला एक दिवस होता, पाऊस थांबून ऊन पडलं होतं. केळीच्या बागेत चिखल असा की माझी कुबडी वीतभर आत जाई. बांधापर्यंत पोचायला मला दोघींचा हात धरावा लागला. पोचल्यावर कळलं की अंगठ्याचं शाईचं पॅड मी शाळेच्या टेबलावर विसरून आले आहे. मला स्वतःचा इतका राग आला, रडू आलं नाही एवढंच. टोळीतली माणसं घड खाली ठेवून भोवती जमली होती. हातांना, कोपरांपर्यंत, चीक लागलेला.

सिंधूबाईने त्यांना सुपारी आणि अक्षतांचं सांगितलं. दुर्गा कोणाची, हे सांगावं लागलं नाही. मग एक म्हातारा पुढे आला आणि म्हणाला, पॅड कायले पाहिजे, हाताले चीक आहे ना. आणि त्याने कापडावर अंगठा टेकवला. त्याच्यामागे सगळे. ते आपला अंगठा जपून, नीट ठेवत होते, एकमेकांवर येऊ नये म्हणून. कोणी मला विचारलं नाही की याने आम्हाला काय मिळेल. पाच-दहा मिनिटांत झालं आणि ते पुन्हा घड उचलायला गेले.

आणि मी काय केलं ते सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही. घरी येऊन मी कापड पसरलं, तर त्या दोन मीटरांवर जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. थोडे पिवळट ठिपके, चिखलाची बोटं. भोपाळच्या लोकांना वाटेल, बाईंनी मळका रिकामा कपडाच जोडलाय. मी ठरवलं, तेवढा तुकडा कापून टाकायचा. आधी सगळ्या कापडाची नीट घडी घातली, वर कात्री ठेवली आणि पार्सल शिवायला सुई-दोरा आणावा म्हणून इतवाऱ्यात गेले. उपकारांचा वीट आलेली मी, ज्यांनी काही न मागता दिलं त्यांना कात्री लावायला निघाले होते.

आई तेव्हा माझ्याबरोबरच राहायची. तिला वाचता येत नव्हतं आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. आमच्या गावात एक रीत आहे. मागावरून आलेला कोरा कपडा तसाच घरात ठेवत नाहीत. त्यात खळ असते, तिला कसर लागते. आधी सोडा घालून उकळत्या पाण्यात भिजवायचा, खळ काढायची, उन्हात वाळवायचा, मगच पेटीत. आईने घडी उचलली, हाताला कोरेपणा लागला, वर पोरांनी रंगाने गिरगटलेलं दिसलं. वर कात्री पाहून तिला वाटलं, मी हे गोधडीसाठी कापायला काढलंय. मुलगी थकून येते, तेवढं काम आपण उरकावं.

मी परत आले तेव्हा अकरा मीटर मांजरपाट गच्चीच्या दोरीवर वाळत होता. शुभ्र. कुठे कुठे लाल-निळं पुसट ओघळलेलं, तेही नुसतं ढगाळ. हेडमास्तरांच्या दोन रेघा नाहीत, वकील नाहीत, बाबू नाहीत, पतंग नाहीत. मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहून बघत राहिले. आई म्हणाली, लई घासलं, पोरांचा रंग गेला, पन टोकाले केळीचे डाग आहेत ते काही निंघत नही.

मी दोरीच्या दुसऱ्या टोकाला गेले. तिथे अंगठे होते. काळपट तपकिरी, एकेक ठळक, रेघ अन् रेघ वाचता येईल असे. सोड्याने आणि उन्हाने ते वर काढले होते. म्हाताऱ्याचा अंगठा पहिला होता, त्यावर कोयत्याच्या जुन्या जखमेची आडवी चीर होती, तीही उमटली होती.

पण हे सगळं मला नंतर दिसलं. आधी मी आईवर ओरडले. तुला काही कळत नाही, विचारल्याशिवाय हात कशाला लावतेस, दोन महिन्यांचं काम मातीत घातलंस. आयुष्यात तिला इतकं टाकून मी कधी बोलले नव्हते. ती खाली गेली आणि केळफूल निवडायला बसली. बऱ्याच वेळाने मीही खाली उतरले, तिच्यासमोर बसले आणि तो कपडा कशाचा होता ते सांगितलं. दुर्गाचं सांगितलं, बावीस पायऱ्यांचं सांगितलं, सिंधूबाई दिवसातून किती वेळा उचलते ते सांगितलं. आई खाली बघून ऐकत होती. मग म्हणाली, "साऱ्या गावाचे अंगठे घेतले तू. मले इचारलं का?"

नव्हतं विचारलं. अकरा मीटरांत एकदाही मला ते सुचलं नव्हतं.

"तुले कडेवर नेत व्हती ना," ती म्हणाली, "तवा माही कंबर लई दुखे. रातभर कड पालटता येत नसे. पन सांगू कोनाले? सांगितलं असतं त लोक म्हनले असते, मंग घरीच ठेव पोरीले."

मी म्हटलं, आई, तुझे उपकार मी कसे फेडू?

"उपकार कायचे? आई व्हती म्हनून नेलं. पन आई नसती त?"

एवढं बोलून तिने केळफूल बाजूला ठेवलं. धुण्याच्या नादात त्या दिवशी हाताला तेल लावायचं राहून गेलं होतं, बोटं चिकाने भरली होती. ती माझ्या आधी जिना चढून वर गेली. मी पोचेपर्यंत तिने म्हाताऱ्याच्या अंगठ्याशेजारची जागा हाताने चाचपून शोधली होती. तिथे तिने अंगठा टेकवला आणि बराच वेळ दाबून धरला. काही उमटलं नाही. मी म्हटलं, भोपाळला जाईपर्यंत दिसायला लागेल.

मी कापड तसंच पाठवलं, एक इंचही न कापता. सोबत चार ओळी लिहिल्या की यावरच्या सह्या धुण्यात गेल्या, अंगठे राहिले आहेत, आणि ते निघणार नाहीत. हेडमास्तर साहेबांना सांगितलं तेव्हा ते ओशाळं हसले आणि म्हणाले, म्हणजे माझी सही कच्चीच निघाली. मी म्हटलं, सर, शाईच कच्ची होती. माझ्या तिरक्या स्वभावाला त्या दिवशी मी एवढाच आवर घातला.

नवरात्राआधी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर छोटी बातमी आली, की देशाने त्या कराराला पक्की मंजुरी दिली. आमच्या कापडाचा त्यात काही वाटा होता की ते एखाद्या कपाटात पडून राहिलं, मला माहीत नाही, आणि मी शोधही घेतला नाही. देशभरातून लोकांनी किती वर्षं किती खस्ता खाल्ल्या असतील, त्यात आमचे दोन मीटर कुठले. मी बातमी कापून हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी दोनदा वाचली. वरून काही आदेश आला नव्हता, तो यायला पुढे कितीतरी वर्षं गेली. पण दुसऱ्या दिवशी शिपाई त्यांचं टेबल, कपाट आणि घंटा माडीवर नेत होता, आणि ऑफिसच्या खोलीत सहावीचे बाक लागत होते. साहेबांना संधिवात होता. आठवड्याने मला म्हणाले, मॅडम, त्या बावीस पायऱ्या मला आता पाठ झाल्या. मी त्या माणसाची मनापासून ऋणी आहे, आणि हे त्यांना तोंडावर सांगितलंही. जन्मात पहिल्यांदा आभार मानताना माझ्या जिभेला कडू लागलं नाही.

सिंधूबाई त्या संध्याकाळी केळीची एक फणी घेऊन आली. मला वाटलं, साहेबांसाठी आणली असेल. ती म्हणाली, "त्यांले कायले? अक्षता पडल्या ना आता. नवरी घरात आली म्हनून रोज रोज पाया पडते का?" फणी तिने माझ्या हातात दिली. "हे तुमच्या आईले द्या. त्यांची कंबर आन् माही कंबर एकच आहे."

दुर्गा आता खंडव्याला एका कचेरीत हिशेबनीस आहे. दिवाळीला फोन करते आणि आभार मानत नाही, याचा मला फार आनंद होतो. आई जाऊन नऊ वर्षं झाली. तिचा फोटो आहे, तिची पितळी परडी आहे, पण तिची सही कुठे नाही, ती कधी नव्हतीच. तिच्या हाताची खूण एकच, भोपाळात की दिल्लीत, कुठल्या तरी कापडावर. आत्तापर्यंत ती नक्की तपकिरी झाली असेल.

रेवाला फोनवर हे एवढं सगळं कसं सांगू? पुढच्या वेळी ती येईल तेव्हा तिच्यासमोर हा लेख ठेवीन. केळफूल निवडताना मी हाताला तेल लावत नाही ते एवढ्यासाठी.